सातबाऱ्यावर न सापडणारं पाणी

विहिरीसाठी कर्ज द्यायचं तर बँक आधी सातबारा मागते. क्षेत्र किती, पीक कोणतं, विहीर आहे की नाही, ‘इतर हक्कां’त आणखी कुणाचा बोजा चढला आहे का, हे सगळं त्या एका कागदावरून कळतं. बँकेच्या नोकरीत मी असे कागद वर्षानुवर्षं चाळले. पण जमिनीखाली पाणी किती आणि ते कुणाचं, हा रकाना काही त्यात नव्हता. हिंगोली जिल्ह्याकडे पाहताना त्या नसलेल्या रकान्याची फार आठवण होते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि मधून कयाधू. संत नामदेवांची नरसी या कयाधूच्याच काठची. तीन नद्यांचा मुलूख म्हटल्यावर पाहुण्याला वाटावं, इथे पाण्याला काय तोटा! प्रत्यक्षात एकाच जिल्ह्यात दोन जगं नांदतात. पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्यानं वसमतकडे पोचलं. तिथे हळद, केळी, ऊस उभे राहिले. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सेनगाव-हिंगोलीच्या माळावर मात्र सोयाबीन पावसाच्या भरवशावर आणि हरभरा विहिरीच्या मर्जीवर.

कालव्याच्या गावांतही विहीर सुटत नाहीच. पाणीपाळी आली की कालव्यातून आणि भिजलेल्या रानातून पाणी झिरपतं, विहिरी चढतात. पाणीपट्टी एकानं भरावी आणि झिरपा दुसऱ्याच्या विहिरीत उतरावा, असा हा व्यवहार. अतिरेक झाला तर काळी कसदार जमीन चिबडते, तो भाग निराळाच.

हे असं होतं, कारण पाण्याला बांध ठाऊक नाही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. शंभर घनफूट मुरमातून काढता येण्याजोगं पाणी जेमतेम दोन-तीन घनफूट. भरणा वर्षातून एकदाच, पावसाळ्यात. उचल मात्र रोजची. असं खातं कोणता बँकवाला निर्धास्तपणे चालू देईल?

आमच्या नियमांत दोन विहिरींमधलं अंतर पाहायची अट होती. अट शहाणपणाची, पण ती कर्जदारापुरती. शेजाऱ्यानं रोखीनं बोअर घेतलं तर बँकेला त्याची खबरही नसे. दोन्ही शेतकऱ्यांचे कागद चोख, दोघांचीही नियत साफ, पण दोघांचं पाणी एकच! एकाचं बोअर खोल गेलं की दुसऱ्याची विहीर उघडी पडायची. पाणी आटलं तरी कर्जाचा हप्ता आटत नाही. मग तोही कर्ज काढून आणखी खोल जाई, आणि ही शर्यत पाषाणाच्या पोटापर्यंत पोचे.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं आपल्या जमिनीखालचं, ठराविक प्रवाह नसलेलं पाणी गोळा करण्याचा हक्क मालकाला मानला. ज्याची जमीन त्याचं पाणी, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. महाराष्ट्रानं १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देणारा कायदा केला. पुढे २००९ चा भूजल कायदा २०१४ साली अंमलात आला; शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर त्यात बंदी आहे. पण रात्रीतून बोअर मारून पसार होणाऱ्या गाडीमागे टेप घेऊन कोण धावणार?

म्हणून मला हिशेब गावानंच मांडावा असं वाटतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तो मांडला. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि मग पिकं ठरवतात. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे निर्बंध गावानं स्वतःच घालून घेतले.

हिंगोलीत तसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही. वसमतच्या शेतकऱ्याला केळी सोडा असं सांगायचा मला काय अधिकार? हळद तर आठ-नऊ महिन्यांचं पीक. तिच्यावर कुणाचं लग्न, कुणाचं शिक्षण ठरलेलं असतं. पण तीच हळद ठिबकवर घेता येते, आणि लागवड किती करायची हे मागच्या वर्षीच्या भावाबरोबरच विहिरीच्या पातळीवरूनही ठरवता येतं.

त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. पावसाळा संपला की गावातल्या पाच-दहा विहिरींत दोर सोडून पाणी मोजावं आणि आकडे चावडीवरच्या फळ्यावर लिहावेत. रब्बीची पेरणी त्यानंतर ठरवावी. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून. आणि त्या सभेत पहिलं बोलणं बायकांचं असावं. मे महिन्यात हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.