जंजिरा संस्थान : बेट, हबसाण आणि राजपुरीची खाडी

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या, दक्षिण किनाऱ्यावर १९४८ पर्यंत एक लहानसे संस्थान होते. त्याला नावे दोन होती. एक जंजिरा व दुसरे हबसाण. पहिले नाव अरबीतील ‘जझीरा’, म्हणजे बेट, या शब्दापासून आले असून ते राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याचे मूळ नाव होय. दुसरे नाव हबश्यांचा मुलूख या अर्थाचे असून ते बेटासमोरील मुख्य भूमीला लावले जाई. पुढे बेटाचे नाव सबंध संस्थानाला मिळाले आणि हबसाण हा शब्द जुन्या कागदपत्रांपुरता उरला. नावांच्या या अदलाबदलीत केवळ भाषेचा योगायोग नाही. जंजिऱ्याविषयीचे बहुतेक लेखन किल्ल्याच्या अजिंक्यपणापाशी सुरू होते व तेथेच संपते. त्यामुळे हे संस्थान म्हणजे समुद्रातील एक अभेद्य खडक, अशी समजूत रूढ झाली आहे. भूगोलाच्या दृष्टीने ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम परिमाण पाहावे. काठेवाडातील जाफराबादचा तुटक प्रदेश वगळता संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल होते. किल्ल्याचे बेट सुमारे २२ एकरांचे आहे. म्हणजे संस्थानाच्या नऊ हजार भागांपैकी एक भागही बेटाच्या वाट्यास येत नाही. तरीही राजकीयदृष्ट्या बेट व भूमी ही संस्थानाची दोन अंगे होती, आणि त्यांतील एकाचे दुसऱ्यावाचून चालणारे नव्हते. हे परस्परावलंबन नेमके कोणत्या गोष्टींत होते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

संस्थानाच्या उत्तरेस रोह्याची, म्हणजे कुंडलिकेची, खाडी होती. दक्षिणेस बाणकोटची, म्हणजे सावित्रीची, खाडी होती. पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस रोहे-माणगावकडील डोंगर होते. सुमारे चाळीस मैलांच्या किनाऱ्याच्या मध्यावर राजपुरीची खाडी आत शिरून या मुलखाचे दोन तुकडे करते. उत्तरेकडे नांदगाव-मुरूड व दक्षिणेकडे म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन. खाडीची एक शाखा थेट म्हसळ्यापर्यंत पोहोचते. मुलखातील डोंगररांगा सरासरी हजार फूट उंचीच्या असून त्या बहुधा खाड्यांना समांतर धावतात. परिणामी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जमिनीने जाणे म्हणजे एकामागून एक डोंगराचे दांड ओलांडणे होय; तेच अंतर होडीने एका भरतीत कापता येई. ज्यास ‘मुख्य भूमी’ म्हणावयाचे ती स्वतःच खाड्यांनी व डोंगरांनी वेगळी पाडलेल्या बेटांसारखी होती, हे या भूगोलातील ध्यानात ठेवण्याजोगे वैशिष्ट्य आहे.

खडक सर्वत्र दख्खनच्या ट्रॅपचा, म्हणजे बेसाल्टचा, व सपाटीवर काही ठिकाणी त्यावर जांभ्याचा थर. नागपूरच्या विद्यार्थ्याला हा बेसाल्ट परका नाही. सीताबर्डीची टेकडी याच लाव्ह्याच्या विस्ताराच्या पूर्व कडेजवळ उभी आहे, आणि जंजिरा त्याच्या पश्चिम कडेवर. पूर्व कडेला हा थर पातळ होत जमिनीत विरून जातो. पश्चिम कडेला तो समुद्राने कापून काढला आहे. हिमयुगानंतर समुद्राची पातळी शंभर मीटरांहून अधिक चढली, किनाऱ्यावरील नद्यांच्या दऱ्यांत खारे पाणी शिरले व त्यांच्या खाड्या झाल्या. किनाऱ्यालगतचे खडकाळ बेटुक हे अशा बुडालेल्या भूभागाचेच उरलेले माथे होत. हरिहरेश्वराच्या पायथ्याशी लाटांनी खोदलेले खडकाचे ओटे पाहिले म्हणजे हे खोदकाम अद्यापि चालू असल्याचे दिसते.

समुद्रापासून आत येताना जमिनीचे पट्टे ठरावीक क्रमाने लागतात. आधी पुळण, तिच्या मागे नारळी-पोफळींची आगरे, त्यांच्या मागे खाजण व तिवरांची दलदल, मग बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेली खारजमीन व भातखाचरे, आणि शेवटी डोंगरउतारावरील वरकस व जंगल. आगरांतून नारळ व सुपारी मिळे. श्रीवर्धनची रोठा सुपारी आजही नावाजलेली आहे. खाचरांतून भात, वरकसातून नाचणी-वरी, व जंगलातून साग, ऐन आणि सरपण. खाडीकाठच्या कोळ्यांकडून मासळी तर मिळेच, शिवाय होडी हाकणारे हातही मिळत.

आता बेटाकडे वळावे. एकोणीस बुरुजांच्या तटात दोन मोठी गोड्या पाण्याची तळी आहेत. खाऱ्या समुद्रात गोडे पाणी, म्हणून पाहुण्यांना त्यांचे फार नवल दाखविले जाते. परंतु हे नवल हिशेबाने सुटण्यासारखे आहे. या किनाऱ्यावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी २२ एकरांवर बावीस कोटी लिटरांच्या आसपास पाणी पडते. हजार माणसांच्या वस्तीला, माणशी रोज वीस लिटर धरून, वर्षाला लागणारे पाणी पाऊण कोटी लिटरांहून कमी भरते. पडलेल्या पावसाचा तिसावा हिस्सा अडविला तरी काम भागते, आणि घट्ट बेसाल्टात खोदलेले तळे तो सहज अडविते.

धान्याचा हिशेब मात्र उलट आहे. त्याच हजार माणसांना माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले तर वर्षाला सुमारे १८० टन लागते. जुन्या पद्धतीच्या भातशेतीत हेक्टरी एक टन तांदूळ हाती येतो असे मानले, तर त्यासाठी साडेचारशे एकर खाचरे हवीत. म्हणजे बेटाच्या विसापट जमीन, आणि तीही बेटावर एक इमारत, तट वा तळे नाही असे समजून. सरपण व गलबतांचे लाकूड यांविषयी तर बोलावयासच नको. बेट पाण्यात स्वयंपूर्ण होते, अन्नात मुळीच नव्हते. किल्ल्याचा मुख्य दरवाजा पूर्वेकडे, राजपुरीच्या बाजूला आहे; उघड्या समुद्राकडे आहे तो लहानसा चोरदरवाजा. अजिंक्य बेटाचे तोंड ज्या भूमीकडे होते तीच त्याला पोसत होती.

राजपुरीचा किनारा बेटापासून जेमतेम अर्ध्या मैलावर आहे. एवढे अंतर पायी चालून येणाऱ्या शत्रूस ओलांडता येत नव्हते, पण भाताने भरलेल्या मचव्यास ते काहीच नव्हते. परंपरेप्रमाणे या खडकावर प्रथम कोळ्यांचा मेढेकोट होता. तो निजामशाहीच्या काळात हबशी सरदारांच्या ताब्यात गेला, व सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दगडी किल्ला उभा राहिला. पुढच्या शतकात सिद्दी येथे स्वतंत्रपणे नांदू लागले तेव्हा बेट व भूमी यांची जोडी खऱ्या अर्थाने कसोटीस लागली.

शिवाजी महाराजांच्या सैन्याने १६६० नंतरच्या दशकात दंडा-राजपुरीसह हबसाणचा मोठा भाग घेतला. बेट उपाशी पडेल ही अपेक्षा चुकीची नव्हती. १६७० च्या सुमारास फत्तेखान किल्ला सोडण्याच्या विचारास आला होता. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला कैद केले व मोगलांचे आरमारी चाकर होणे पत्करले. त्यानंतर सुरतेच्या महसुलातून सिद्दीला नेमणूक मिळू लागली, त्याच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मिळू लागला, आणि तेथून मराठ्यांच्या मुलखातील खाडीकाठची भाताची गावे लुटली जाऊ लागली. भौगोलिक भाषेत सांगावयाचे तर बेटाने हिरावलेल्या भूमीच्या जागी दूरची भूमी उसनी घेतली. १६७१ मध्ये दंडा-राजपुरी परत मिळाल्यावर ही उसनवारी थांबली नाही, पण तिची निकड कमी झाली.

मराठ्यांच्या बाजूनेही भूगोलाचे हे गणित ओळखलेले दिसते. मुरूडसमोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभारणे म्हणजे बेटाला बेटाने उत्तर देणे होय. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीच्या मुखात दगडांची भर घालून बेट भूमीस जोडण्याचा प्रयत्न केला. दोन अंगांमधील पाणीच नाहीसे करण्याचा हा बेत लष्करी धाडस म्हणून नेहमी सांगितला जातो. वास्तविक संस्थानाचे मर्म त्या अर्ध्या मैलाच्या पाण्यात आहे, या निदानाचा तो पुरावा म्हणून वाचला पाहिजे. कल्याणच्या बाजूस मोगल फौज उतरल्यामुळे तो अर्धवट राहिला. रोजच्या भरती-ओहोटीच्या ओढीत व पावसाळ्यातील लाटांत अशी भर कितपत टिकली असती, हा निराळा प्रश्न.

पेशव्यांच्या घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन हे सिद्दीच्याच मुलखात होते, आणि बाळाजी विश्वनाथांना ते सोडावे लागले. जंजिऱ्याशी झालेल्या पुढील संघर्षात घरचीही बाजू होती. १७३३ मध्ये बाजीरावांच्या मोहिमेच्या काळात रायगड परत आला, १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, आणि या काळातील तहांनी सिद्दीच्या अकरा महालांची निम्मी-निम्मी वाटणी ठरली. वाटणीपेक्षा तिचा पुढे नकाशावर उमटलेला परिणाम अधिक बोलका आहे. तळे, घोसाळे, निजामपूर, गोरेगाव हा आतला प्रदेश हातचा गेला, किनारा राहिला. विसाव्या शतकातील संस्थानाची पूर्व सीमा पाहिली तर ती भरतीचे पाणी जेथवर पोहोचते त्या रेषेपासून फारशी दूर जात नाही. गलबताच्या आवाक्यातली भूमी बेटाला राखता आली, पलीकडची आली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आलेले जाफराबादही बंदरच होते. शेकडो मैल दूर असूनही ते गोरेगावपेक्षा अधिक सहज राखता आले, यात याच नियमाचा प्रत्यय येतो.

जगातील इतर उदाहरणांशी तुलना केली असता जंजिऱ्याचे वेगळेपण स्पष्ट होते. आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनीमध्ये बियोको बेट व रिओ मुनी ही मुख्य भूमी यांच्यात सुमारे १६० किलोमीटर समुद्र आहे. बेट दोन हजार चौरस किलोमीटरांचे असून स्वतःच्या कोकोवर समृद्ध झाले. झांझिबारच्या सुलतानाकडे किनाऱ्याची दहा मैल रुंदीची पट्टी होती, परंतु लवंगांची लागवड बेटांवरच होती. दोन्हीकडे बेट हे पिकाचे घर आहे. जंजिऱ्यात बेट केवळ कुलूप. तिजोरी समोरच्या किनाऱ्यावर.

एकोणिसाव्या शतकात समुद्रावर इंग्रजांचा अंमल बसला व कुलपाची गरज संपली. कारभार मुरूडला आला, नवाबांचा राजवाडा तेथल्या किनाऱ्यावर उभा राहिला, व बेटावरील वस्ती हळूहळू उठत गेली. नवाबांच्या शिकारीचे फणसाडचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि जाफराबाद सौराष्ट्राकडे गेले. ते आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे.

किल्ल्याच्या ऱ्हासाइतकी दुसऱ्या एका बदलाची दखल घेतली गेलेली नाही. तो म्हणजे खाडीच्या कार्यातील बदल. मुंबईहून येणाऱ्या किनारी आगबोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. वाहतूक रस्त्यावर आली. मुंबई-गोवा महामार्ग व १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे ही दोन्ही रोहे-माणगावच्या बाजूने, म्हणजे जुन्या संस्थानाच्या पूर्व सीमेबाहेरून जातात. ज्या पाण्याने उत्तर व दक्षिण हबसाण सांधले होते तेच आता त्यांना तोडू लागले. मुरूड व श्रीवर्धन ही गावे सरळ रेषेत तीसेक किलोमीटर अंतरावर आहेत. खाडीला वळसा घालून जमिनीने जावयाचे तर हेच अंतर शंभर किलोमीटरांच्या घरात जाते. मुरूड तालुका विधानसभेसाठी अलिबागबरोबर मोजला जातो, तर म्हसळा व श्रीवर्धन हे श्रीवर्धन मतदारसंघात येतात. संस्थानाचा कणा असलेली खाडी आता दोन मतदारसंघांमधील सीमा झाली आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन व मुरूड या दोन्ही बाजूंची आगरे एकाच दिवशी आडवी झाली. पोफळीचे झाड फळावर यावयास पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचे नव्हते. बेटावरचा तट जागच्या जागी राहिला. आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये माणसे व वाहने आज फेरीबोटीने खाडी ओलांडतात. हा प्रवास फार लांबचा नाही. आणि मुरूडच्या माणसाला म्हसळ्यास लवकर पोहोचावयाचे असेल तर आजही त्याला पाण्यावरूनच जावे लागते.