पुराच्या बातम्यांतील शब्द व त्यांचे अर्थ

पावसाळ्यांत नदीकांठच्या शेतकऱ्यांच्या कानीं ‘इशारा पातळी’ व ‘धोका पातळी’ हे शब्द वारंवार येतात. पुष्कळजण दोहोंचा अर्थ एकच समजतात, व तेथेंच गुरें गमावण्याची पाळी येते.

कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरलेली आहे. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आंकडे ४० व ४५ आहेत. मधलें चारपांच फुटांचें अंतर ही शेतकऱ्यास मिळालेली मुदत होय. इशारा पातळी गांठतांच गुरें, वैरण व नदीवरील मोटारी हलवाव्या. धोका पातळीची वाट पाहणारास बहुधा रस्ताच उरत नाहीं. २०१९ सालीं सांगलीस पाणी ५७ फुटांवर चढलें होतें.

‘विसर्ग’ म्हणजे धरणांतून सोडलेलें पाणी. व्याकरणांतील दोन टिंबें नव्हेत! तो क्युसेकांत, म्हणजे दर सेकंदास किती घनफूट, असा मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारें २८ लिटर.

पूर ओसरल्यावर ‘पंचनामा’ येतो. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्ही निक्षून सांगतों कीं, पंचनामा म्हणजे भरपाईची मंजुरी नव्हे. पाहिलेल्या नुकसानीची पंचांसमक्ष केलेली ती नोंद होय. पिकाच्या सरकारी मदतीस नुकसान निदान ३३ टक्के भरावें लागतें. म्हणून कुजलेलें पीक काढण्यापूर्वीं ही नोंद करवून घ्यावी, आणि गट नंबर व क्षेत्र सातबाऱ्याशीं ताडून मगच सही करावी.