मोजमापाच्या गोष्टी (लेखांक ७) : आधीचा कागद

मागच्या आठवड्यात आपण जेम्स वॉटच्या घोड्यापाशी थांबलो होतो. चक्कीला जुंपलेला घोडा किती जोराने आणि किती वेगाने ओढतो यावरून वॉटने हिशेब बांधला आणि मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम म्हणजे एक अश्वशक्ती असं ठरवलं. आजच्या एककात सुमारे ७४६ वॉट. व्याख्या हाती आली, पण इंजिनाचं बळ घोड्यासारखं समोर उभं राहत नाही. ते कशावर तरी खर्च करायला लावलं तरच मोजता येतं.

फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनीने १८२१ साली हे साध्या युक्तीने केलं. फिरत्या शाफ्टभोवती लाकडी पकड आवळायची, पकडीला लांब दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकावर येणारं वजन तोलायचं. पुढे १८७७ साली इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउडने लाकडाच्या जागी पाणी घातलं, कारण जहाजांच्या अजस्र इंजिनांपुढे लाकूड टिकणं शक्य नव्हतं. या यंत्राचं नाव डायनॅमोमीटर. गॅरेजमधली माणसं नुसतं डायनो म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आज एक विशिष्ट वाहन घेऊन हे यंत्र समजून घेऊ. अमेरिकेतला १९९७ सालचा डॉज रॅम २५०० हा पिकअप ट्रक, त्यात ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, बारा व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स. कारखान्यातून निघताना याची शक्ती २१५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर, मिनिटाला १६०० फेऱ्यांना ४४० पाउंड-फूट, म्हणजे जवळपास ६०० न्यूटन-मीटर. आपल्याला हे इंजिन अगदीच परकं नाही. कमिन्सचं मूळ गाव इंडियाना राज्यातलं कोलंबस. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, आणि जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून याच बी मालिकेतली इंजिनं टाटांच्या मालवाहू ट्रकांत बसली. आपल्या घाटांमधून माल चढवणाऱ्या कितीतरी ट्रकांचं इंजिन या अमेरिकन पिकअपच्या इंजिनाचं सख्खं भावंड आहे.

अमेरिकेतले हौशी लोक नेमकं हेच इंजिन का पसंत करतात? कारण त्याचं सगळं काम यांत्रिक आहे, इंधन किती द्यायचं हे ठरवणारा संगणक त्यात नाही. बॉशचा पी ७१०० नावाचा इंधन पंप आहे आणि त्याच्या पोटात एक छोटी लोखंडी पट्टी. तिला फ्युएल प्लेट म्हणतात. पंपाचा रॅक किती पुढे सरकू शकेल, म्हणजे एका फवाऱ्यात जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, हे त्या पट्टीच्या कडेचा आकार ठरवतो. डिझेल इंजिनात हवा अडवून शक्ती कमी-जास्त करत नाहीत. हवा मोकळी आत येते आणि शक्ती ठरते ती इंधनावर. त्यामुळे पट्टी घासली, बदलली किंवा काढूनच टाकली की जास्त डिझेल जातं. मग फेऱ्यांना मर्यादा घालणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा कडक करायच्या म्हणजे इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत ओढतं. मग मोठ्या भोकांचे इंजेक्टर, मग इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मोठा, आणि एवढं झालं की मूळचा क्लच घसरायला लागतो, म्हणून तोही. एकेक काम होत जातं आणि मालकाच्या मनात एकच प्रश्न वाढत जातो: आता किती?

त्याचं उत्तर शोधायला तो शनिवारी सकाळी डायनो असलेल्या गॅरेजात येतो. जमिनीत बसवलेले जाडजूड पोलादी रोलर, त्यांवर ट्रकची मागची चाकं, पुढे-मागे जमिनीतल्या कड्यांना ताणून बांधलेले पट्टे, समोर मोठा पंखा, धुराड्याला लावलेली नळी. गिअर चौथा टाकायचा, कारण त्यात गिअरबॉक्सचा आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. मग कमी फेऱ्यांवरून अॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा आणि गव्हर्नर रोखेपर्यंत सोडायचा नाही. दहा-पंधरा सेकंदांत काम संपतं. याला एक रन म्हणतात. त्या वेळात ट्रकच्या मागे किंवा पट्ट्यांच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, मित्र कितीही आग्रह करोत.

या दहा-पंधरा सेकंदांत काय मोजलं जातं, ते फार सुंदर आहे. साध्या डायनोला इंजिनाबद्दल काहीच माहीत नसतं. त्याला फक्त आपल्या रोलरचं जडत्व ठाऊक असतं आणि रोलर क्षणोक्षणी किती वेगाने फिरतोय ते दिसतं. समजा रोलर फिरवणं हे १,२०० किलोचं वजन पुढे ढकलण्याइतकं जड आहे. ट्रकने त्याचा वेग सेकंदाला २० मीटरवरून ४० मीटरवर नेला, म्हणजे ताशी ७२ वरून १४४ किलोमीटरवर, आणि त्याला पाच सेकंद लागले. गतिज ऊर्जेतला फरक येतो ७,२०,००० जूल. पाचाने भागा: १,४४,००० वॉट, म्हणजे १९३ अश्वशक्ती. झालं. शाळेत शिकलेलं अर्धा एम व्ही वर्ग इथे आपल्यासमोर पोलादाच्या रूपात गरगरत असतं. यंत्र हाच हिशेब सेकंदाच्या बारीक तुकड्यांत करत जातं, म्हणून एका आकड्याऐवजी अख्खी वक्ररेषा कागदावर छापून मिळते.

शक्ती मिळाली, पण टॉर्क? त्यासाठी इंजिनाचे फेरे कळायला हवेत. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरीवर चिमटा लावला की फेरे मोजता येतात. डिझेलला स्पार्क प्लगच नाही. मग क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून प्रकाशाने फेरे मोजायचे, किंवा रोलरचा वेग आणि गिअरचं प्रमाण यांवरून काढायचे. ही तसदी न घेतलेल्या कागदावर आडव्या अक्षाला नुसते ताशी मैल असतात आणि टॉर्कची रेषाच नसते. डिझेल पिकअपच्या बाबतीत हे मोठं नुकसान आहे, कारण या इंजिनाचा स्वभाव टॉर्कच्या रेषेत आहे.

अमेरिकन एककांत अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ५२५२. या एककांत दोन्ही रेषा एकाच मापपट्टीवर काढल्या तर त्या ५२५२ फेऱ्यांना एकमेकींना छेदतातच. आमचं कमिन्स मूळ अवस्थेत तीन हजारांच्या आसपासच थांबतं. म्हणजे त्याच्या कागदावर या दोन रेषांची भेट कधीच होत नाही, टॉर्क शेवटपर्यंत वर आणि अश्वशक्ती खाली. डिझेलचा कागद ओळखायची ही सोपी खूण. १६०० फेऱ्यांना ४४० पाउंड-फूट म्हणजे अश्वशक्ती फक्त १३४, पण उभ्या ट्रेलरला जागचं हलवतात ते हेच १३४.

आता अडचणीकडे. रोलर हलका असेल आणि टर्बो मोठा, तर इंजिनावर पुरेसा ताण येण्याआधीच फेरे संपतात. टर्बो एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि दाबावर जगतो, त्याला वेळ लागतो. रस्त्यावर तीन टनांचा ट्रक आणि मागे ट्रेलर असताना जो बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, तयार होतो, तो इथे पूर्ण तयारच होत नाही आणि आकडा कमी येतो. म्हणून डिझेलसाठी रोलरला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला डायनो जास्त योग्य. त्याला एडी करंट ब्रेक म्हणतात. तो रोलरला मागे धरतो आणि इंजिनाला खरोखर राबायला लावतो. पण हा डायनो आणि नुसत्या रोलरचा डायनो एकाच ट्रकला वेगवेगळे आकडे देतात. दोन्ही प्रामाणिक असूनही. एका गावातल्या डायनोवरचा आकडा दुसऱ्या गावातल्या आकड्याशी भांडवण्यात काहीच अर्थ नाही, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण या छंदातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

टायरचंही तसंच. पस्तीस इंची जड टायर बसवले की ते फिरवायलाही शक्ती खर्च होते, ती रोलरपर्यंत पोहोचत नाही. इंजिन तेच, आकडा कमी. पट्टे जास्त ताणले, टायरमध्ये हवा कमी भरली, तरी हेच. पहिल्या रननंतर टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापलेला असतो, पंखा कितीही मोठा असला तरी ताशी शंभर किलोमीटरचा वारा तो देऊ शकत नाही, म्हणून लागोपाठच्या तिसऱ्या रनला आकडा घसरतो.

आणि सगळ्यात नाजूक जागा, दुरुस्ती गुणक. उष्ण, विरळ हवेत इंजिन कमी शक्ती देतं, म्हणून डायनोचा संगणक वाचलेला आकडा ठरावीक हवामानाला जुळवून घेतो. सध्या रूढ असलेला अमेरिकन मानक २५ अंश सेल्सियस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरतो. जुना मानक थंड आणि दाट हवा धरायचा, त्यामुळे तो निवडला की तेवढ्यानेच साधारण चार टक्के वाढून मिळतात. पण खरा घोळ डेन्व्हरसारख्या शहरात होतो. ते समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो. नुसत्या श्वासावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी तिथला गुणक वीसेक टक्के भर घालतो, आणि ते रास्त आहे. टर्बो मात्र विरळ हवेत जास्त वेगाने फिरून बरीचशी तूट स्वतःच भरून काढतो. त्याच्या आकड्यावर तोच गुणक चढवला तर ३४० चे चारशेच्या वर जातात, एक स्क्रूही न फिरवता. म्हणून कागद हातात आला की आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचावीत: कोणता मानक, कोणता गुणक, रेषा किती गुळगुळीत केली आहे.

कंपनी सांगते तो आकडा आणि हा आकडा यांतही फरक असतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली वाहनसंशोधन संस्था आहे, टेकडीला लोक त्याच नावाने ओळखतात. अशा संस्थांत इंजिनाची प्रमाणित शक्ती मोजतात ती इंजिन बाकावर बसवून, थेट त्याच्या शाफ्टवर. आपल्या माहितीपत्रकात तीच छापलेली असते. रोलरवर येईपर्यंत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा काढून घेतात. मग लोक पंधरा टक्के तोटा धरून उलटा हिशेब करतात, म्हणजे चाकाला ३४० तर इंजिनाला ४००. मला हे पटत नाही. घर्षणाचा काही भाग शक्ती वाढली म्हणून त्याच प्रमाणात वाढत नाही. चाकावरचा आकडा चाकावरचा म्हणूनच सांगावा.

धुराबद्दलही बोलायला हवं. जास्त डिझेल घातलं आणि हवा तेवढी नसेल तर मागून काळा लोट निघतो. काही जण त्याला ताकदीची खूण मानतात. तो लोट म्हणजे न जळलेला कार्बन, आणि डायनोचा कागद ते दाखवूनही देतो: इंधन वाढत जातं, धूर वाढत जातो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि अश्वशक्तीची रेषा मात्र आडवी पडते. नंतरच्या ट्रकांत धूर गाळणारी यंत्रणा आली, तीही पुष्कळांनी काढून टाकली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये अंदाज दिला की त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून अशी यंत्रणा काढली गेली. तिथे ते बेकायदा आहे, आणि त्या हवेत लहान मुलंही श्वास घेतात.

मग एवढ्या सगळ्या अटींनंतर डायनोचा उपयोग काय? उपयोग तुलनेचा, आणि तो फार मोठा आहे. तोच ट्रक, तोच डायनो, तेच टायर आणि त्यांत तेवढीच हवा, तोच गिअर, इंजिन तितकंच तापलेलं, तोच गुणक. असं करून एकच गोष्ट बदलली आणि पुन्हा मोजलं, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका दोन्ही वेळा सारख्याच होतात आणि फरकातून निघून जातात. त्यासाठी दोन कागद लागतात. दुसरा सगळ्यांकडे असतो, भिंतीवर लावलेला. पहिला, काहीही बदलण्याआधीचा, सहसा कोणी काढतच नाही. साधा, मूळचा ट्रक पैसे देऊन काय मोजायचा, असं वाटतं.

आपल्या ट्रकच्या बाबतीत तो काढला होता असं समजू. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. नवी रेषा २९०० फेऱ्यांना ३४० अश्वशक्तीवर जाते, जुनी तिच्या कितीतरी खाली. मालक खूश. पण डावीकडे नजर न्या. मोठा टर्बो जागा व्हायला वेळ घेतो, म्हणून १८०० फेऱ्यांच्या खाली टॉर्कची जुनी रेषाच वर आहे. डेन्व्हरहून आंतरराज्य ७० क्रमांकाच्या मार्गाने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालं की रस्ता ३,४०० मीटरपर्यंत चढतो, काही ठिकाणी चांगल्याच तीव्र चढाने. मागे घोड्यांचा ट्रेलर, पुढे रेंगाळणारी रांग. ब्रेक लावून पुन्हा उचलताना फेऱ्यांचा काटा येतो तो याच १५००-१८०० च्या पट्ट्यात. तिथे ट्रक आधीपेक्षा मंद झाला आहे, नवा टर्बो जागा होईपर्यंत एक्झॉस्ट तापत राहतं, आणि डायनोवरचे बारा सेकंद इथे कित्येक मिनिटं चालतात. ॲल्युमिनियमचे पिस्टन सांभाळायचे तर साधारण १२५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे पावणेसातशे सेल्सियसच्या पुढे एक्झॉस्टचं तापमान जास्त वेळ राहू देत नाहीत. मालकाला पाय उचलावा लागतो.

टर्बो थोडा लहान घेतला असता तर वरच्या टोकाची वीस-तीस अश्वशक्ती गेली असती आणि चढावरचा ट्रक परत मिळाला असता. हे त्याला दिसलं, कारण २१५ अश्वशक्तीचा तो जुना ट्रक एकदा रोलरवर चढला होता.