पूर ओसरतो, मगर मागे राहते

गगनबावडा : सह्याद्रीच्या माथ्यावरील या तालुक्यात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याचा मोठा वाटा कुंभी नदी खाली नेते. कासारी, तुळशी आणि भोगावतीसह प्रयाग चिखलीजवळ तिची पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेत विलीन होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कधी ओलांडली जाते, याकडे कोल्हापूरकरांचे पावसाळाभर लक्ष असते. परंतु पुराबरोबर केवळ पाणीच गावात शिरत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात संगमाच्या खाली, बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात, बुडालेल्या घराच्या छपरावर मगर विसावल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले.

ही मगर आली कुठून? ती कोणीतरी नदीत आणून सोडली, हा नदीकाठचा आवडता तर्क आहे. वस्तुतः गोड्या पाण्यातील ही मगर कृष्णा खोऱ्याची मूळ रहिवासी आहे. (बोलीभाषेत तिला सर्रास सुसर म्हटले जाते; पण लांब, निमुळत्या जबड्याची खरी सुसर कृष्णेत आढळत नाही.) बदलली आहे ती नदी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे घातले की उन्हाळ्यातही पात्रात खोल, संथ पाणी टिकते. मासे आणि आडोसा दोन्ही मिळाल्यावर मगरीने दूर जावे तरी का? त्यातच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाल्याने तिची शिकार थांबली.

संघर्षाची खरी भूमी आहे सांगली जिल्ह्यातील भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, बुर्ली हा पट्टा. येथे मगरीच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. मगर दबा धरून शिकार करते. पाण्याच्या कडेला वाकून धुणे धुणारी स्त्री किंवा पोहणारे मूल तिला उभ्या माणसापेक्षा लहान, आवाक्यातले भक्ष्य वाटते. हिवाळ्यात ती उन्हाला काठावर येते; उन्हाळ्याच्या तोंडावर काठ उकरून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत त्या जागेची राखण करते. वाळू आणि वीटभट्ट्यांसाठी मातीचा उपसा होऊन काठ जितका आक्रसला, तितकी ही जागा माणसाच्या पायवाटेजवळ आली.

शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. कृषिपंपांना वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. मोटर सुरू करायला, फुटबॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा काढायला अंधारात पाण्याशी जावेच लागते. त्याला 'नदीकडे जाऊ नका' असा फलक दाखवणे म्हणजे निव्वळ कागदी उपाय होय. नदीकाठच्या पंपांना दिवसा वीज देणे हा मगरीच्या प्रश्नावरचाही उपाय आहे. दुर्दैवाने तो वन खात्याच्या हाती नाही.

पुरात हे गणित शहरापर्यंत पोहोचते. मुख्य प्रवाहाचा जोर मगरीलाही सोसवत नाही. ती ओढे, नाले, बुडालेली शेते अशा शांत पाण्याकडे सरकते आणि पाणी उतरले की विहिरीत, गटारात वा अंगणात अडकते. सह्याद्रीच्या पलीकडे चिपळुणात जून २०२४ च्या अखेरीस भर पावसात वर्दळीच्या रस्त्यावरून मगर चालत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात बडोद्याच्या वसाहतींतून अनेक मगरी पकडाव्या लागल्या.

'मगरी पकडून दूर सोडा', ही मागणी स्वाभाविक असली तरी तिला मर्यादा आहेत. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील मगरींवर उपग्रह यंत्रे बसवून केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेकडो किलोमीटर दूर सोडलेल्या मगरी आपल्या जागी परतल्याचे आढळले. आपली मगर त्यांची जवळची नातलग आहे. शिवाय एक हलवली तरी रिकामी झालेली जागा दुसरी घेते.

श्रीलंकेत नदीतील स्नानाच्या जागांना पाण्यातच भक्कम कुंपण घालतात. कृष्णेचा पूर असे कायमचे कुंपण टिकू देणार नाही. पण बरग्यांप्रमाणेच पावसाळ्याआधी काढून नंतर बसवता येणारे कुंपण निवडक घाटांवर करून पाहण्यास काय हरकत आहे? गोव्यात भोम येथे शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून 'मानगे थापणी' करतात. आपल्याकडे तशी परंपरा नाही. नुकसानभरपाईची तरतूद मात्र आहे. मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना मिळणारी मदत राज्य सरकारने २०२३ मध्ये २५ लाख रुपयांवर नेली. त्यासाठी घटनेची माहिती वन विभागाला तातडीने देणे आणि पंचनामा होणे आवश्यक असते.

पूर ओसरल्यावर घरी परतणाऱ्यांनी अंगण, गोठा, विहीर लांबूनच काठीने आणि उजेडात तपासावी. मगर दिसल्यास गर्दी करू नये, दगड मारू नयेत, तिचा पाण्याकडचा मार्ग मोकळा ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.