पातेलं एक, ताटं वेगळी

आमच्याकडे रविवारी मटण असायचं. अर्धा किलो, आणि खाणारी सात तोंडं. नळी आजोबांना, कलेजी बाबांना, आम्हा मुलांना दोन-दोन पीस. आई सगळ्यांच्या मागून बसायची आणि भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसून घ्यायची. पाहणीचा फॉर्म भरणारा दारात आला असता, तर तिच्या नावापुढे बेधडक 'मांसाहारी' लिहून गेला असता.

शाकाहारी निरोगी की मांसाहारी, हा वाद रंगला की दाखले येतात ते बहुधा परदेशातले. अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीयांच्या ७३,३०८ जणांच्या अभ्यासात (२०१३) शाकाहारींचा मृत्युदर १२ टक्क्यांनी कमी निघाला. मात्र हा फायदा पुरुषांत ठळक होता, बायकांत तितका नाही. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासाने ४८,१८८ लोकांचा अठरा वर्षं माग ठेवला. २०१९ साली निष्कर्ष आला: शाकाहारींत हृदयरोग २२ टक्के कमी, पक्षाघात २० टक्के जास्त. दोन्ही बाजूंनी आपापला आकडा उचलला आणि वाद चालूच राहिला!

तिकडचा शाकाहारी बहुधा विचार करून झालेला असतो; मांस सोडताना तो वजनाकडे, व्यायामाकडेही बघतो. आपल्याकडे शाकाहार जन्मासोबत येतो, आणि त्यात साबुदाणा वडा, श्रीखंड-पुरी, फरसाण सगळं बसतं. साबुदाणा वडा तर उपासालासुद्धा. मांसाहारीही कसला, तर बुधवार-शुक्रवार-रविवारचा. श्रावणात तोही नाही.

म्हणून मला पुण्याचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. बी-१२ हे जीवनसत्त्व ६७ टक्क्यांत कमी भरलं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. आपल्याला मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दुधातून. त्यामुळे शाकाहारींना कमतरतेचा धोका ४.४ पट निघाला, यात नवल नाही. नवल पुढे आहे. तिन्ही गटांत सर्वांत वाईट स्थिती होती मध्यमवर्गाची, ८१ टक्के! आणि बी-१२ कमी पडलं की रक्तात जे होमोसिस्टीन वाढतं, त्याची जोखीम आहाराचा हिशेब वेगळा काढला, तरी मध्यमवर्गीयांत उरतच होती. पोटभर जेवणाऱ्या, दूध-दही परवडणाऱ्या घरांची ही कथा.

याच याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, तसाच तो 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' या दोन रकान्यांनाही दिसत नाही.

या रकान्यांत आणखी एक गोष्ट मावत नाही: घरातली वाटणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्क्यांना. पाळी आणि बाळंतपणं हे कारण आहेच. पण शेवटच्या पंगतीचं काय?

साठीत आईच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. डॉक्टरांनी लालभडक इंजेक्शनं लिहून दिली आणि विचारलं, "आजी, तुम्ही शाकाहारी का?"

आई जरा दुखावलीच. "नाही हो," ती म्हणाली, "आमच्याकडे दर रविवारी मटण असतं."