गुळवेल वॉर्डात येते तेव्हा

वडीगोद्रीकडे बांधावरच्या निंबावर चढलेली गुळवेल नवी नाही. ताप हटेना की कांड ठेचून काढा करायचा, हे घरोघरी ठाऊक असतं. त्याच घरात दवाखान्याच्या गोळ्याही चालू असतात. काढ्याची गोष्ट मात्र डॉक्टरांच्या कानावर कुणी घालत नाही. केसपेपरवर गोळ्या येतात, काढा येत नाही.

परळच्या केईएम रुग्णालयात ही वेल केसपेपरवर आली. डॉ. शरदिनी डहाणूकर औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. मराठी वाचक त्यांना 'हिरवाई', 'फुलवा'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला थत्ते आदी सहकाऱ्यांनी तिथे आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक कसोटीला लावल्या. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला.

कर्करोगाने पित्तनलिका तुंबली की कावीळ होते, पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद खचते. मग शस्त्रक्रिया करूनही रुग्ण हाती लागेलच असं नसतं. अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. जीवनसत्त्व के, प्रतिजैविकं आणि पित्ताचा निचरा दोन्ही गटांना. एका गटाला शिवाय गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. गुळवेल न घेतलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुदोष पसरला, घेतलेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचं प्रमाण ४० विरुद्ध ९२.४ टक्के! यकृताचं काम दोन्हीकडे सारखंच राहिलं. सावरल्या त्या पांढऱ्या पेशी. रुग्ण थोडे होते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण सर्जन, औषधशास्त्र आणि आयुर्वेद एकाच खाटेपाशी आले, मोजमाप लपवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

दक्षिण कोरियात २०१०पासून एकाच रुग्णालयाला पारंपरिक आणि आधुनिक असे दोन्ही डॉक्टर नेमता येतात. आपल्याकडे बहुतेक वेळा दोन्ही पद्धती एकत्र येतात त्या रुग्णाच्या पोटातच.

तिथे धोका आहे. कोरोनाकाळात लोकांनी गुळवेल मनानेच सुरू केली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली असावी, असा त्यांचा अंदाज. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हे तपासलंच नव्हतं. आक्षेप रास्त आहे, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत. पण डॉक्टरांनी घरचं औषध विचारलं, म्हणून निदान संशय तरी आला. वडीगोद्रीच्या दवाखान्यातही तापाच्या रुग्णाला हे विचारलं जावं, आणि काढा कुठल्या वेलीचा, किती दिवस, हे गोळ्यांच्या नावाखालीच लिहिलं जावं.