बाराचे माप

१७३९ च्या मे महिन्यात वसईच्या तटाखाली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग उडविले. त्यांतला एक वेळेवर उडाला नाही. माणसे खिंडारात शिरली आणि मग तो उडाला. शेकडो मराठे आपल्याच दारूने गेले. होळीहून किल्ल्याकडे जाताना आम्हांला त्या विजयाआधी हेच आठवते. आमचा सारा जन्म कामगारांत गेला, म्हणून असेल.

आज बोलायचे आहे ते मात्र लहान दारूविषयी, ठासणीच्या बंदुकीतल्या. रानडुकरे आणि माकडे पिकाचा फडशा पाडतात म्हणून कोकणात पुष्कळ शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची अशी बंदूक असते. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, परवानगीवाचून जनावर मारता येत नाही. पण आवाजाचा बार काढायचा म्हटले तरी नळी भरावी लागतेच. आणि बंदूक बहुधा आजोबांची, माप मात्र ज्याचे त्याच्या मनाचे!

गिरणीत बॉयलरवर किती दाब चालेल त्याचा आकडा कोरलेला असतो, आणि दाब वाढला तर वाफ सोडणारी झडप असते. बंदुकीची नळी हा झडप नसलेला बॉयलर होय. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू पेटली की क्षणात वायू होतो. त्याला वाट एकच, ती गोळीने अडविलेली. गोळी पुढे सरकेपर्यंत तो दाब चापाजवळचे लोखंड सोसते. ते आतून गंजलेले असेल, तर नळी फाटते ती डाव्या हाताशी, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

‘दारू जास्त, तर मार जास्त’ हा समज फार जुना आहे, आणि थोड्या मापापर्यंत तो खराही आहे. पुढे मात्र नळीची लांबी संपते. उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. धूर वाढतो, खांद्याला धक्का बसतो, गोळी भरकटते. जाणते शिकारी जमिनीवर पांढरे कापड पसरून त्यावरून बार काढीत आणि न जळलेले दाणे पडले की माप उतरवीत. १८५३ ची एनफील्ड घ्या. तिच्या काडतुसावरच्या चरबीने १८५७ साली हिंदुस्थान पेटला, हे आपण शाळेत शिकलो. तिच्या काडतुसात दारू होती अवघी अडीच ड्राम, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. आधीच्या मोठ्या तोंडाच्या बंदुकांना याहून बरीच अधिक लागे, तरी एनफील्डचा मार लांब. कारण तिची गोळी पेटत्या वायूने फुगून नळीला घट्ट बसे. वायू फटीतून वाया जात नसे.

तेव्हा माप कारागिराने किंवा कारखान्याने सांगितलेले घ्यावे, आणि खालच्या बाजूने सुरुवात करावी. ते ठरलेल्या मापट्याने घ्यावे. डब्यातून सरळ नळीत ओतू नये, कारण आधीच्या बाराचा निखारा आत असला तर सारा डबा हातात उडेल. बिनधुराची दारू, म्हणजे काडतुसातली, एक चिमूटही यात घालू नये. तिचा दाब काळ्या दारूच्या कित्येक पट चढतो. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली की नळी फुगते. गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची.

ही दुसरी खूण क्षुल्लक वाटेल. अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावर सत्तावीस हजारांहून अधिक बंदुका वेचल्या. त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या, आणि निम्म्यांत एकावर एक दोन बार. गोंगाटात आपला बार उडाला की नाही हेच शिपायाला कळले नव्हते. आमच्या माणसांनाही यंत्रांच्या घरघरीत आपले यंत्र बंद पडलेले कळत नाही, तेव्हा त्या शिपायाला हसू नये.

बार न उडाला तर? नळी समोर मोकळ्या जागी धरून निदान मिनिटभर थांबावे. तोंडातून डोकावून पाहू नये. आमच्या ओळखीच्या एका शेतमजुराने पाहिले होते. बंदूक मालकाची, परवाना मालकाचा, आणि बार भरायला मात्र तो. त्याला माप कोणीच सांगितले नव्हते.